तिसऱ्या आग्रहाचं गाणं

आज सकाळी पडदा सरकवला आणि म्हटलं, आलं बाई! लख्ख ऊन. साधंसुधं नव्हे, इथले लोक ज्याला 'लीव्हिंग सर्टचं ऊन' म्हणतात ते. लीव्हिंग सर्ट म्हणजे इथली बारावी. आयर्लंडचं आभाळ वर्षभर तोंड पाडून बसलेलं असतं, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा सुरू झाली रे झाली की सूर्याला कोण उत्साह चढतो! बिचारी पोरं शाळेच्या हॉलमध्ये घाम पुसत पेपर लिहितात आणि बाकीचा देश अर्ध्या चड्ड्या घालून हिरवळीवर लोळतो. पोरं याला अन्याय म्हणतात, आणि अन्याय आहेच तो. पण गेली तीन वर्षं हे ऊन पडलं की मला पेपर आठवत नाहीत. मला आठवते भिंतीपलीकडची एक गिटार, वेलदोड्याचा वास आणि पोर्टलीशच्या एका गल्लीतलं निळं दार.

उन्हाच्या भरात लेकीला फोन केला. इरा गॉलवेला शिकते. परीक्षा संपल्या की आमच्या कॉलनीतल्या हिरवळीवर सगळे जमतात, खाणंपिणं, गाणी, जी मुलं परीक्षेतून सुटली त्यांचं कौतुक. म्हटलं, "त्या शनिवारी येतेस का गं?"

"अगं नको आई, आय'म ग्रँड," ती म्हणाली. इराला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती बहुतेक इंग्रजीच, इथल्याच हेलात. 'ग्रँड' म्हणजे इथं 'ठीक'. "यू गाइज एन्जॉय."

फोन ठेवला आणि जराशी खट्टू झाले. मग माझं मलाच हसू आलं. अगं मेधा, म्हटलं, तू कुणाची सून आहेस? एका 'नको'वर फोन ठेवतेस? त्या जूनमध्ये काय शिकलीस मग?

तो जून. काय जून होता!

आधी नोएलची ओळख करून देते. नोएल आमचा राजधानीला लागून असलेल्या ल्यूकनमधला भिंतीला भिंत शेजारी. पंच्याहत्तरीला टेकलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आयुष्यभर शहरात बस चालवून निवृत्त झालेला माणूस. अकरा वर्षांत आमचं बोलणं हवा आणि कचऱ्याच्या डब्यांपलीकडे गेलं नव्हतं. "आज कुठला डबा, हिरवा की काळा?" "हिरवा." "ग्रँड." संपला विषय. हा माणूस एके काळी रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा, खांद्यापर्यंत केस होते त्याचे, आणि त्याच्या गाण्यावर हा अख्खा देश नाचला होता, याचा आम्हाला पत्ताच नव्हता. नोएलनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

इराची परीक्षा म्हणून त्या वर्षी सासूबाई आल्या होत्या. कराडजवळच्या खेड्यातून, तीन महिन्यांसाठी, अर्धी बॅग कपड्यांची आणि दोन बॅगा चटण्या-मेतकुटाच्या. नातीला परीक्षेत साजूक तूप मिळालं पाहिजे एवढाच त्यांचा अजेंडा. पायात संदीपचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, लोकरी मोजे, अंगात माझं जुनं जर्किन, त्याखाली सुती साडी, अशा थाटात त्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसायच्या. आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरून नोएलला थालीपीठ दिलं.

नोएल दोन्ही हात हलवत म्हणाला, "नो नो नो, तुम्ही खूप चांगल्या आहात, पण नको."

सासूबाई मराठीत म्हणाल्या, "घ्या वो, गरम हाय."

"नाही हो, खरंच, आत्ताच चहा झाला."

सासूबाईंनी ताटली जरा पुढं सरकवली. "घ्याच म्हनते मी."

नोएलनं ताटली घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या, लोण्याचा गोळा बोटानं पसरत, सगळं संपवलं. सासूबाई आत येऊन मला म्हणाल्या, "मानूस आपल्यातला हाय."

"कशावरून हो आई?"

"तिसऱ्यांदा घेतलं. पयल्यांदा घेतो तो हावरा, तिसऱ्यांदाबी घेत न्हाय तो गर्विष्ट. ह्यो नवलभाऊ बराबर हाय." नोएलचा नवल झाला तो त्या दिवसापासून. त्यानंही ते नाव विनातक्रार लावून घेतलं.

मी हसले खरी, पण मला माझे इथले पहिले दिवस आठवले. सँट्रीतल्या ऑफिसात माझी पहिली नोकरी होती, औषधांच्या गुणवत्तेची कागदपत्रं तपासायची. टीममध्ये एक आयरिश बाई आणि एक जर्मन साहेब. दुपारी जेवायला निघताना बाई विचारायची, "येतेस?" मी म्हणायची, "नको." "चल की गं!" "नको, तुम्ही जा." "अगं, ऊठ!" मग मी उठायची, आणि आम्ही दोघी खुशीत. बाई सुट्टीवर गेली त्या आठवड्यात साहेबानं विचारलं, "येतेस?" मी म्हटलं, "नको." तो "ओके" म्हणाला आणि गेला. मी पाच दिवस बिस्किटं खाल्ली. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. त्यानं माझा शब्द खरा मानला.

आमच्या गावाकडच्या पंगतीत नाही का, जिलबीवाला येतो आणि आपण पानावर दोन्ही हात आडवे धरतो? हात असे धरायचे की जिलबी नेमकी बोटांच्या फटीतून पानात पडली पाहिजे. हे शास्त्र मला वाटायचं फक्त आपल्याच मुलखात आहे. सात समुद्र ओलांडून आले तर इथंही तेच.

आता मालिकेचं सांगते. त्या वसंतात सगळं आयर्लंड एकाच मालिकेत बुडालं होतं. मिडलँड्समधल्या, म्हणजे देशाच्या मधल्या सपाट भागातल्या, एका गावाची गोष्ट. दर रविवारी रात्री साडेनऊला एक भाग. रात्री म्हणायचं आपलं, जूनमध्ये इथं साडेनऊलाही अंगणात पेपर वाचता येतो. मी आता काम करते त्या औषधांच्या कारखान्यात सोमवारी सकाळी मशिनं सुरू व्हायच्या आधी मालिका सुरू व्हायची. इरा अभ्यास टाकून बघायची आणि मी तिच्यावर ओरडत ओरडत तिच्याच शेजारी बसून बघायची. शेवटचा भाग नेमका परीक्षेच्या आधीच्या रविवारी. बुधवारी पहिला पेपर! इतका वाईट मुहूर्त आमच्याकडच्या कुठल्या गुरुजींनी काढला नसता.

मे संपता संपता एक दिवस इरा खोलीतून किंचाळत खाली आली. "आई! नोएल! युअर मॅन नेक्स्ट डोअर! ही वॉज इन द बँड!" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो माणूस'. हातात फोन, फोनवर काळापांढरा फोटो. चार पोरं एका दलदलीच्या कडेला उभी, घेरदार विजारी, केसांची जंगलं. डावीकडून दुसरा, गिटारवाला, लांब नाकाचा. नाक तेच होतं. शेवटच्या भागात कुठलं जुनं गाणं वाजणार याच्या अफवा मालिकेच्या चाहत्यांमध्ये उठल्या होत्या, आणि त्यात या बँडचं नाव आलं होतं. द बॉग लँटर्न्स. बॉग म्हणजे दलदलीची काळी जमीन, तिथले कंदील. आपल्याकडे रानात चकवा दिसतो म्हणतात ना, तसले.

संध्याकाळी इरानं फोन भिंतीवरून पुढं केला. नोएलनं चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "देवा," तो म्हणाला, "माझी ती पँट!" आणि मग बोलायला लागला. अकरा वर्षांचं न बोललेलं होतं, चार-पाच संध्याकाळी पुरलं. सासूबाई मटार सोलत ऐकायच्या, मी किंवा इरा मधूनमधून मराठीत सांगायचो, पण त्यांना फारशी गरज पडायची नाही.

पोर्टलीशच्या आसपासची चार पोरं. सुरुवातीला चर्चच्या हॉलमध्ये नाचाला वाजवायची, एकसारखे सूट आणि चकाचक बूट घालून, लोक मागतील ती गाणी. मग एकानं कुठूनशी एक परदेशी रेकॉर्ड आणली आणि सूट गेले, केस वाढले, आवाज वाढला. पाद्रीबाबांनी हॉलला कुलूप लावलं तेव्हा पोरांनी एका शेतकऱ्याच्या गवताच्या गोठ्यात तालीम सुरू केली. गाई दूध कमी द्यायला लागल्या म्हणून तिथूनही हाकलले गेले. शेवटी दलदलीच्या कडेला पत्र्याची शेड सापडली. तिथं कुणाला त्रास नव्हता. जुन्या व्हॅनमध्ये सामान कोंबून देशभर फिरायचे, व्हॅनचं मागचं दार दोरीनं बांधलेलं. नोएल आणि फर्गस हे त्यातले जिवलग. फर्गस गायचा, नोएल वाजवायचा, गाणी दोघं मिळून रचायचे. त्यातलंच एक, 'वेट अ‍ॅट द क्रॉस'. चौकात थांब, मी येतोय, एवढंच त्या गाण्यात आहे. पण सुरुवातीला नोएलची गिटार जी चढत जाते ना, ऐकताना आपण आपोआप उठून उभे राहतो. रेडिओनं ते डोक्यावर घेतलं. एक उन्हाळाभर आयर्लंडमध्ये कुठल्याही खिडकीखालून जा, तेच गाणं.

"मग?" इरानं विचारलं. "मग काय झालं?"

नोएलनं मटाराची एक शेंग उचलली आणि उगाच सोलत बसला. मग म्हणाला, "मग मी 'नको' म्हणालो."

लंडनहून बोलावणं आलं होतं. तिथं राहायचं, पुढची रेकॉर्ड तिथं करायची. ड्रमवाला आणि बेसवाला संसारात अडकलेले, ते येणार नव्हते. फर्गस एका संध्याकाळी नोएलच्या घरी आला, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या विचारलं, "मी निघालो उद्याच्या बोटीनं. येतोस?" नोएल म्हणाला, "नको रे, तू जा. माझं इथं बरं चाललंय." फर्गस क्षणभर थांबला. म्हणाला, "बरं." आणि गेला.

"वरच्या खोलीत माझी सूटकेस भरलेली होती," नोएल म्हणाला. "पलंगाखाली. तीन दिवस आधीच भरली होती. तो परत विचारेल म्हणून मी थांबलो. तो फाटकापर्यंत गेला, मला वाटलं, आता वळेल. फर्गस आदला हिवाळा लंडनमध्ये काढून आला होता. तिकडे नको म्हणजे नको. ते तो शिकून आला होता आणि मला ते माहीत नव्हतं."

"आणि सूटकेस?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी आईनं उघडली. शर्टांना परत इस्त्री केली आणि कपाटात टांगले."

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आरं देवा," एवढंच म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला बोलू.

फर्गसचं लंडनमध्ये जमलं नाही. दुसऱ्या कुणाच्या गिटारीवर त्याचा आवाज बसेना. दोन वर्षांनी परत आला, पोर्टलीशला राहिला, शाळेत गाणं शिकवलं. नोएलनं आपल्याला ऐन वेळी सोडलं असं त्यानं चार लोकांत सांगितलं, आणि ते फिरत फिरत नोएलच्या कानावर आलं. नोएलनं गिटार माळ्यावर टाकली आणि बस हातात घेतली. ल्यूकनहून पोर्टलीश गाडीनं तासाभराच्या आत. तेवढं अंतर दोघांना जन्मभर कापता आलं नाही.

गाणं खरंच शेवटच्या भागात येणार होतं. मालिकावाल्यांनी दोघांनाही पत्रं पाठवली, दोघांनीही सही करून दिली, वेगवेगळ्या गावांतून. आणि त्या शुक्रवारी नोएल भिंतीपाशी आला तो पांढराफटक.

"काल फर्गसचा फोन आला," तो म्हणाला.

"काय सांगता!" मी कपडे वाळत घालत होते, तेही विसरले. "काय म्हणाला?"

"म्हणाला, रविवारी शेवटचा भाग आहे. माझ्याकडे येतोस का बघायला? कमरेचं ऑपरेशन झालंय त्याचं, इस्पितळातून नुकताच घरी आलाय, नाहीतर तोच आला असता."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

नोएल बुटांकडे बघत राहिला. मला कळलं. इरालाही कळलं, तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तोंडातून निघूनच गेलं," नोएल म्हणाला. "'अरे नको, कशाला त्रास तुला, मी इथंच बघतो.' आणि तो म्हणाला, 'बरं.'"

"मग तुम्ही परत फोन करा ना!"

"त्याला वाटेल, नको म्हणून सांगितलं आणि आता गळ्यात पडतोय. जाऊ दे. गाणं इथंही तेच ऐकू येईल." पण थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, तो म्हणाला, "मला फक्त एकदा ते त्याच्या शेजारी बसून ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं."

असं कुणी बोललं की काय करायचं, आम्हा शिकल्यासवरल्यांना कळत नाही. मी 'आय अ‍ॅम सो सॉरी' वगैरे म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"नवलभाऊ, आइतवारी जायाचं. मेधा गाडी काढंल."

मी दचकले. पण भाषांतर केलं.

"नाही नाही, तुमच्या नातीची परीक्षा आहे," नोएल म्हणाला. "मुळीच नको."

शनिवारी सकाळी त्यांनी परत विचारलं. नोएल परत नको म्हणाला. सासूबाई अगदी शांत. आत येऊन मला म्हणाल्या, "दोन झाली."

मी मात्र अस्वस्थ. बुधवारी इराचा पेपर, संदीपची कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात रविवारची शिफ्ट, आणि आपण दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला पडायचं? म्हटलं, "अहो आई, त्यांनी दोनदा नको म्हटलंय. इथं असं कुणाच्या घरात शिरत नाहीत."

"मग कवा शिरत्यात? मेल्यावर?" सासूबाई म्हणाल्या. "दोन मानसं. एकाला परत इचारता येईना, दुसऱ्याला पयल्यांदा व्हय म्हनता येईना. आन् मधे आपुन काय फक्त थालीपीठं द्यायला हाय व्हय गं?"

इरा म्हणाली फर्गसला आधी मेसेज तरी करू. तिनं त्याचा नंबरही शोधला होता, काय कारटी! सासूबाईंनी हात जोडले. "नगं बये. आधी कळीवलं तर त्यो बी नगं म्हनंल."

रविवारी दुपारी त्यांनी शिरा केला. केळं घालून, वेलदोडा सढळ हातानं, तूप सुटेपर्यंत परतलेला. डबा फडक्यात बांधला. नवी इरकल नेसल्या, त्यावर जर्किन, पायात मोजे आणि इराचे पांढरे बूट. संध्याकाळी सात वाजता आम्ही तिघी नोएलच्या दारात. ऊन इतकं की घंटीचं बटण हाताला गरम लागत होतं.

दार लगेच उघडलं. नोएल उभा होता. गुळगुळीत दाढी, कोट, टाय, बूट आरशासारखे, हातात टोपी. दिवाणखान्यात टीव्ही बंद, सगळ्या खिडक्या लावलेल्या, कुठंतरी निघालेल्या माणसाच्या घरासारखं घर. पलंगाखालची सूटकेस त्यानं पुन्हा भरून ठेवली होती म्हणायची.

"नवलभाऊ," सासूबाई म्हणाल्या, "चला."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा इराकडे. मग टोपी डोक्यावर ठेवली. "चला," तो म्हणाला. मराठीत. अक्षरशः मराठीत! भिंतीपलीकडून सूर्य मावळेपर्यंत ऐकून ऐकून तेवढं शिकला होता. आणि पुन्हा आत वळून त्यानं जिन्याखालून गिटारची काळी पेटी काढली. माळ्यावरून ती कधी खाली आली होती, देव जाणे.

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. लांब सुटीचा शनिवार-रविवार, म्हणून गाड्याच गाड्या, छतांवर सायकली. किल्डेअरच्या मोकळ्या माळावर मेंढ्या उन्हात पसरलेल्या, कापलेल्या गवताचा वास, कुंपणांवर पांढऱ्या फुलांची गर्दी. मागं इरा पुस्तक उघडून बसली होती आणि एकही ओळ वाचत नव्हती. सासूबाई डबा मांडीवर धरून. नोएल माझ्या शेजारी, हात गुडघ्यांवर. वाटेत दोनदा म्हणाला, "परत फिरू या का? त्याला त्रास नको." दोन्हीदा मागून सासूबाईंनी, काय बोलला ते न विचारताच, "पुढं बघा," म्हटलं. मी आपली गाडी चालवत होते, पण माझं काळीज असं धडधडत होतं की स्वतःच्या लग्नातसुद्धा धडधडलं नसेल. फर्गसनं दारच उघडलं नाही तर? या वयात दारातून परत पाठवलं तर या माणसाचं काय होईल?

पोर्टलीशची ती गल्ली. एकाला एक चिकटलेली बैठी घरं आणि एक निळं दार. नोएलनं कडी वाजवली. आतून वॉकरची टकटक, खूप सावकाश. दार उघडलं. फर्गस म्हणजे केसांचा पांढराशुभ्र मोठा पुंजका आणि खाली वाळकं अंग. दोघं एकमेकांकडे बघत उभे. मी म्हटलं आता मीच काहीतरी बोलते, तर सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तू नको म्हणालास," फर्गस म्हणाला.

"दोन्ही वेळेला म्हणालो," नोएल म्हणाला. "आणि दोन्ही वेळेला मला यायचं होतं."

फर्गसच्या तोंडून एक अशी शिवी निघाली की मी ती सासूबाईंना सांगितली नाही, आजतागायत नाही. मग त्याचा आवाज चिरकला. "मग बोलायचं होतंस ना, येड्या! मी फाटकापाशी उभा राहिलो होतो. मोजून उभा राहिलो होतो. म्हटलं, हाक मारेल."

"आणि मी म्हटलं, तू वळशील."

दोन म्हातारे. मध्ये उंबरठा आणि ते वॉकर. फर्गसनं नाक पुसलं, बाजूला सरकला आणि, आता काहीतरी म्हणायचं म्हणून माणूस म्हणतो तसं, म्हणाला, "चहा घेणार?"

नोएलचं तोंड उघडलं. मी शपथेवर सांगते, त्याच्या ओठांवर तो 'नको' आलेला मला दिसला. जन्मभराची सवय हो! इरानं माझा हात असा आवळला की नखं रुतली. नोएलनं तोंड मिटलं.

"घेईन," तो म्हणाला. "दोन चमचे साखर घालून घेईन."

फर्गस हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मग वॉकर ढकलून त्यानं नोएलच्या खांद्याला धरलं, आणि दोघं तसेच एकमेकांना सावरत आत गेले. आम्ही तिघी दारात रडत उभ्या. समोरच्या घरातली बाई पडदा सरकवून बघत होती, तिलाही बहुतेक कळलं असावं, कारण तिनंही डोळ्याला रुमाल लावला. फर्गसनं आतून सासूबाईंना चहा विचारला. त्या म्हणाल्या, "नगं." तेव्हा नोएल आणि इरा दोघंही एकदम फर्गसवर ओरडले, "परत विचार, परत विचार!"

साडेनऊला आम्ही पाच जण त्या छोट्याशा खोलीत, मांडीवर शिऱ्याच्या बशा, खिडकीतून अजून पिवळं ऊन. शेवटच्या भागाची शेवटची काही मिनिटं. मालिकेतली म्हातारी बाई गाव सोडून निघते, चौकात बस थांबते, बाई चढत नाही, पिशवी खाली ठेवते आणि परत गावाकडं चालायला लागते. आणि नोएलची गिटार चढायला लागते. अख्खं गाणं वाजलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फर्गसचा तो तरणाबांड आवाज खोलीभर, आणि खुर्चीतला फर्गस ओठ न हलवता ऐकतोय. नोएलची बोटं गुडघ्यावर चालत होती. मधल्या एका जागी फर्गसनं न बघता त्याच्या हातावर चापट मारली. "इथं तू घाई केलीस. तेव्हाही सांगितलं होतं." नोएल म्हणाला, "तेव्हाही तूच उशिरा आला होतास." सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "भांडाय लागलं. आता मिटलं म्हनायचं."

आणि काय सांगू पुढचं! दुसऱ्या दिवसापासून ते गाणं सगळीकडे. दुकानात, पेट्रोल पंपावर, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये. आमच्या गुणवत्ता खात्यात एक नियम आहे: जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही. पण सुटी संपून मंगळवारी कामावर गेले आणि मी सगळ्यांना सांगत सुटले, लिहिलं नसलं तरी घडलंय, मी तिथं होते, शिरा खात होते! बुधवारी इरा पेपरला गेली ती ते गाणं गुणगुणत. शेवटच्या पेपरच्या दिवशी शाळेच्या फाटकातून पोरं बाहेर आली ती गळ्यात गळे घालून तेच गाणं ओरडत, आणि फाटकाशी नोएल उभा होता, टोपी हातात. इरानं बोट दाखवून सांगितलं, हाच तो. पोरांनी त्याला उचललं हो! पंच्याहत्तरीच्या माणसाला खांद्यावर! बसच्या आरशात मागची गर्दी बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो गर्दीच्या वर बसला होता. मी एवढ्या आनंदानं माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा ओरडले नव्हते.

सासूबाई त्याच जुलैत गावी परतल्या. विमानतळावर सोडायला दोघं आले होते, एक काठी घेऊन, एक टोपी घेऊन. त्या अजून दर आठवड्याला व्हिडिओवर विचारतात, "नवलभाऊचा दोस्त येतो का?" येतो. दर रविवारी येतो. भिंतीपलीकडून आधी गिटार ऐकू येते, मग गाणं, मग भांडण.

तर आज संध्याकाळी मी नोएलकडं गेले. हिरवळीवरच्या कार्यक्रमात दोघं वाजवतील का, विचारायला. जाताना मनात सगळी तयारी केली होती. पहिल्यांदा साधं विचारायचं, दुसऱ्यांदा पोरांची नावं पुढं करायची, तिसऱ्यांदा सासूबाईंची शपथ घालायची. भिंतीपाशी उभी राहिले आणि म्हटलं, "नोएल, त्या शनिवारी तुम्ही दोघं वाजवाल का हो?"

"हो," नोएल म्हणाला.

बस. लगेच. मी तोंड उघडं टाकून उभी. माझे दोन आग्रह तसेच हातात उरले.

घरी आले. म्हटलं, वाया कशाला घालवायचे? फोन उचलला आणि इराला लावला. "आय सेड नको, आई," ती म्हणाली. मी ठेवला. चहा टाकला, उकळू दिला, आणि तिसऱ्यांदा लावला.

पलीकडे माझी पोर हसली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "आई, मी बॅग भरूनच बसले होते गं."